थडग्यावरच्या कलशात राख नसते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. पुण्यात कॅम्पाच्या बाजूच्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत तुम्ही गेलात. तिथं फडकं पांघरलेला कलश, मध्येच मोडलेला खांब, जहाजाचा नांगर, उलटी धरलेली मशाल, एकमेकांत गुंफलेले दोन हात असं बरंच काही दगडांवर दिसलं. बरोबरचा मित्र म्हणाला, ही सगळी गुप्त मंडळांची चिन्हं. मग तुम्हाला पुरंदर तालुक्यातल्या आजोळचा, मारुतीच्या देवळामागचा दगड आठवला. त्यावर सूर्य-चंद्र आहेत आणि बांगड्या भरलेला एक हात आहे. तुम्ही विचारलंत, ही चित्रं मुळात आली कुठून, आणि दोन्हीकडे हात कसा?

मी गेली तीस वर्षं पुणे जिल्ह्यात जुन्या शिलालेखांचे ठसे घेतो आणि स्मारकशिळांच्या नोंदी करतो. त्यात देवळामागचे वीरगळ, म्हणजे लढताना गेलेल्या वीरांचे दगड, आले तशी कॅम्पातली थडगीही आली. त्यामुळे तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो.

गुप्त मंडळांचं आधी. फ्रीमेसन या बंधुसंघाची मंडळी पुण्यात होती, आणि त्यांची खूण थडग्यांवर सापडू शकते. पण ती ठरलेली आहे: गवंड्याचा गुण्या आणि कंपास एकमेकांवर ठेवलेले, कधी मध्ये रोमन लिपीतलं ‘जी’ हे अक्षर. ते दिसलं तर माणूस मेसन होता असं खुशाल म्हणा. कलश, खांब, मशाल, नांगर यांत मात्र लपवण्यासारखं काहीच नव्हतं. थडगं उघड्यावर असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं म्हणूनच त्यावर पैसा खर्च केलेला असतो. दारावरचं तोरण पाहून आपल्याला घरात काय चाललंय ते कळतं, तितक्या सहज त्या काळच्या माणसाला ही चित्रं कळत होती.

इंटरनेटवर चिन्हांच्या याद्या मिळतात. नांगर म्हणजे खलाशी, खांब म्हणजे तरुण मृत्यू, अशा. सुरुवातीला मीही त्या वापरल्या, आणि चुकलो. दगडावर चित्र येतं तेव्हा घरच्यांची श्रद्धा असते, त्या दशकातली चलती असते, आणि छिन्नी धरणाऱ्या पाथरवटाच्या हातात बसलेले नमुने असतात. शिवाय दगड स्वतः काय कोरू देतो हेही असतं. यातलं कुठलं कारण किती, हे प्रत्येक दगडापाशी उभं राहून ठरवावं लागतं.

कलशापासून सुरू करू, कारण आपल्याकडच्या माणसाची तिथं हमखास गफलत होते. आपल्याला अस्थिकलश माहीत असतो, त्यामुळे यातही राख असेल असं वाटतं. काही वर्षांपूर्वी एका दफनभूमीत असा कलश कुणीतरी घणाने फोडलेला मी पाहिला. आत काहीतरी पुरलेलं असेल या आशेने फोडला होता. आत अर्थातच दगड होता. कलश पहिल्यापासून अखंड, भरीव, नुसत्या आकाराचा. तुकडे गवतात पडले होते, आणि एका तुकड्यावर फडक्याच्या चुण्या इतक्या बारकाईने कोरलेल्या होत्या की बोट फिरवलं तर कापडाची घडी लागावी. ज्याने त्या चुण्या काढल्या त्याने त्यावर किती दिवस घालवले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही.

मुळात हा कलश रोमन आणि ग्रीक. ते लोक प्रेत जाळत आणि राख कलशात ठेवत. ख्रिस्ती माणूस पुरला जातो, तेव्हा त्याच्या डोक्यावर राखेचा कलश येण्याचं काही कारण नाही. इंग्लंडमध्ये आधुनिक पद्धतीचं पहिलं अधिकृत दहन वोकिंगला १८८५ साली झालं. कलशांची चाल त्याच्या शंभर वर्षं आधीची. ती आली उत्खननांतून. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई इथं खोदकाम सुरू झालं, आणि जुन्या रोमन वस्तूंचं युरोपला वेड लागलं. जोसाया वेजवुड या इंग्लंडमधल्या मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराने १७६९ मध्ये आपला नवा कारखाना काढला, त्याचं नावच इटलीतल्या प्राचीन मुलखावरून ‘इट्रुरिया’ ठेवलं, आणि प्राचीन घाटाची भांडी तिथं घडू लागली. घराच्या कठड्यावर, बागेत, चुलीवरच्या फळीवर कलश आला, तसा तो थडग्यावरही आला. म्हणजे त्याचं मूळ धर्मापेक्षा चलतीत जास्त आहे. वरचं फडकं मात्र खरंच शोकाचं; शवपेटीवर पांघरतात त्या वस्त्राची ती आठवण.

मोडलेला खांब याच रोमन वेडातून आलेला. घराचा आधार गेला किंवा आयुष्य मध्येच तुटलं, असा त्याचा अर्थ. इथं यादी बरोबर आहे, पण वय वाचल्याशिवाय अर्थ लावू नका. साठी ओलांडलेल्या माणसावरही मी हा खांब पाहिला आहे. तो घरातला कर्ता होता, एवढंच त्या घरच्यांना सांगायचं होतं.

उलट्या मशालीची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. रोमन शवपेट्यांवर पंख असलेला एक मुलगा पायावर पाय टाकून उभा असतो आणि हातातली मशाल जमिनीकडे टेकवून विझवत असतो. मधल्या काळात युरोप हे विसरला आणि मृत्यू म्हटलं की हाडांचा सापळा काढू लागला. १७६९ मध्ये लेसिंग या जर्मन लेखकाने एक निबंध लिहून दाखवलं की प्राचीन लोकांच्या लेखी मृत्यू हा झोपेचा भाऊ होता, आणि ते त्याला असा मशाल विझवणारा तरुण म्हणून काढत. पुढच्या पन्नास वर्षांत सापळा मागे पडला आणि उलटी मशाल पुढे आली. एका निबंधाने सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. हवाच बदलत होती. पण थडग्यांवर तो बदल स्पष्ट दिसतो.

आणि यातच पुण्याचं एक वैशिष्ट्य दडलंय. तुमच्या मित्राने कवटीचा उल्लेख केला असेल, पण तुम्ही पाठवलेल्या एकाही फोटोत कवटी नाही. पंख लावलेली कवटी, वाळूचं घड्याळ, आडवी हाडं ही चित्रं सतराव्या आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या महामारीनंतर युरोपात मृत्यूची आठवण करून देणाऱ्या चित्रांचा मोठा प्रवाह सुरू झाला. चर्चच्या आवारात जागा पुरेना म्हणून जुनी हाडं उकरून रचून ठेवत. कवटी आणि मांडीची हाडं लोकांच्या रोजच्या नजरेत होती. थडग्यांवर ती तिथूनच आली. समुद्रचाच्यांनी ते चित्र पुढे आपल्या निशाणावर घेतलं. थडग्यांवर ते त्यांच्या आधीपासून होतं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या थडग्यांचा डीट्झ आणि डेथलेफ्सन या दोन पुरातत्त्वज्ञांनी अभ्यास केला आणि १९६६ मध्ये मांडला. आधी कवटी, मग पंखवाला बाळचेहरा, मग कलश आणि विलोचं, म्हणजे लोंबत्या फांद्यांचं झाड. एक नमुना हळूहळू वाढतो, भर येते, ओसरतो, तोवर दुसरा वाढलेला असतो. थडग्यांवर तारखा कोरलेल्या असतात, त्यामुळे हा चढउतार वर्षावार मोजता आला. आमच्या क्षेत्रात हा अभ्यास आजही शिकवतात.

पुण्यात इंग्रजांचं बस्तान बसलं ते नोव्हेंबर १८१७ मधल्या खडकीच्या लढाईनंतर, १८१८ पासून. तोवर कवटीचा जमाना मागे पडला होता. म्हणून आपल्या कॅम्पात थेट कलश, मशाल आणि खांब. कवटी पाहायची असेल तर जुन्या गोव्यात जा. तिथल्या चर्चच्या जमिनीत बसवलेल्या पोर्तुगीज शिळांवर कुलचिन्हांबरोबर कवटी आणि हाडंही भेटतात. सुरतेला गेलात तर आणखी वेगळंच दिसेल. तिथं सतराव्या शतकातल्या इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी स्वतःसाठी घुमटाचे मकबरे बांधले, कारण थोर माणसाचं थडगं कसं असतं हे त्यांना समोरच्या मुघल नमुन्यांवरून कळत होतं. परका माणूस परमुलखात मेला की त्याच्या दगडावर कुठला देश उमटतो, हे दर वेळी निराळं असतं.

नांगराबद्दल. तो खलाशाच्या थडग्यावर असतोच, पण पुण्यापासून समुद्र लांब आहे, आणि इथल्या नांगरांपैकी बरेच बायकांच्या दगडांवर आहेत. बायबलमध्ये हिब्रूंना लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. रोममधल्या भुयारी दफनभूमींत, ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत, नांगर कोरलेला सापडतो. उघड क्रूस काढण्याची रीत तेव्हा नव्हती. त्यात आडवी दांडी असल्याने क्रूसही सूचित होतो.

आता एक गंमत पाहा, क्रूसच कमी का? १८४० च्या आधीच्या इंग्रज प्रॉटेस्टंट दगडांवर क्रूस फारसा सापडत नाही. त्यांना तो कॅथलिक वाटायचा. पुढे चर्चमध्येच जुन्या रीतींकडे वळणारी चळवळ झाली, गॉथिक शैली परतली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रूसांची रांग लागली. दफनभूमीत अक्षरं झिजली असतील तरी अख्खी ओळ क्रूसांची आहे की कलशांची, यावरून मी साधारण काळ सांगतो, आणि पुढे नोंदवही पाहिली की बहुतेक वेळा तो जुळतो. कॅथलिकांना ही अडचण कधीच नव्हती. पुण्यात क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी दिली, तिथं १७९२ पासून उपासना आहे. म्हणजे इंग्रजी कॅम्पाच्या आधीपासून पुण्यात क्रूस होता.

विलोच्या झाडाबद्दल थोडंसं. बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रात बॅबिलॉनच्या नदीकाठी बसून रडणारे लोक आपली वाद्यं झाडांना टांगतात. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने खाली झुकणाऱ्या विलोला ‘बॅबिलॉनचा’ असं नाव दिलं. ते झाड मूळचं चीनचं. स्तोत्रातलं झाड बहुधा फरात नदीकाठचा पॉप्लर. नावातल्या चुकीवर उभं राहिलेलं हे चित्र सेंट हेलेनात नेपोलियनच्या थडग्यावर विलो झुकलेले होते म्हणून आणखी पसरलं. पुण्याच्या पाथरवटाने विलो कधी पाहिला नव्हता. एका दगडावर त्याने काढलेल्या झाडाला पारंब्या आहेत असं मला स्पष्ट वाटतं. नमुन्याच्या कागदावर खाली लोंबणाऱ्या रेषा दिसल्या, आणि त्याच्या ओळखीचं खाली लोंबणारं झाड वडाचं.

यावरून दगड आणि हात या मुद्द्याकडे येतो. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. कठीण, बारीक कामाला नाठाळ, पण ऊनपावसाला खंबीर. त्यात फडक्याच्या चुण्या काढणं जिकिरीचं. म्हणून बारीक नक्षीची पाटी संगमरवराची असते आणि खालचा चौथरा इथल्या दगडाचा. संगमरवर दिसायला छान, पण पावसात त्याची कड विरघळते. दीडशे वर्षांत चेहऱ्याचं नाक जातं. संगमरवरी पाटीवरची काळी अक्षरं नीट पाहा. ती बहुधा शिशाची असतात: अक्षर कोरायचं, त्यात तिरपी छिद्रं पाडायची, शिसं ठोकून भरायचं आणि वरून घासून सपाट करायचं. शिसं पडलं किंवा कुणी उपटून नेलं तरी ती छिद्रं राहतात, आणि छिद्रांच्या रांगेवरून नाव वाचता येतं. एका लहान मुलाचं नाव मी असंच, फक्त छिद्रं मोजत, अर्धा दिवस बसून लावलं. वर कोकराचं चित्र होतं, डोकं तुटलेलं. कोकरू मुलांच्या थडग्यांवर असतं. त्या काळात कॅम्पात कॉलरा आणि ताप यांनी मुलं फार जात.

आता हात. एकच अवयव, आणि तीन समाजांनी तीन अर्थांनी कोरलेला.

तुम्ही पाहिलेले गुंफलेले हात रोमन आहेत. लग्नात नवरा-बायको उजवे हात मिळवत, आणि रोमन थडग्यांवरही तेच कोरत. ख्रिस्ती दगडांवर ते निरोपाचं आणि पुन्हा भेटण्याचं चित्र झालं. तुमच्या फोटोत मनगटं मोठी करून पाहा. एका बाहीला झालर आहे, दुसरी साधी आहे. म्हणजे बाईचा हात आणि पुरुषाचा. कुणाची पकड घट्ट आहे आणि कुणाची बोटं सैल पडली आहेत तेही पाहा. सैल हात बहुधा गेलेल्याचा. तुमच्या दगडावर तो झालरवाला आहे.

दुसरा हात यहुदी दफनभूमीत. दोन्ही पंजे शेजारी आणि बोटांच्या जोड्या फाकवलेल्या, ही कोहेन म्हणजे पुरोहित घराण्याची आशीर्वादाची मुद्रा. लेवी घराण्यासाठी पाण्याचा तांब्या. पण आपल्या कोकणातून पुण्याला आलेल्या बेने इस्राएल समाजात परंपरेने कोहेन घराणी नाहीत, म्हणून त्यांच्या दगडांवर हात शोधू नका. तिथं हिब्रूच्या खाली स्वच्छ मराठी सापडेल, आणि ते वाचताना फार आपलं वाटतं.

मुसलमानांच्या कबरीवर माणसाचं किंवा अवयवाचं चित्र येत नाही, पण तिथंही खूण आहे. पुरुषाच्या कबरीवर मध्ये उंच पट्टी असते, तिला कलमदान म्हणतात. बाईच्या कबरीवर सपाट पाटी, तख्ती. ताजमहालात शाहजहान आणि मुमताज यांच्या कबरींवर हाच फरक आहे. लेख नसला तरी कबर कुणाची ते यावरून कळतं.

आणि तिसरा हात तुमच्या आजोळचा.

तो कोपरात काटकोनात वळलेला, तळवा उघडा, मनगटात बांगड्या. ती सतीशिळा. बांगड्या आहेत म्हणजे सौभाग्य शाबूत आहे: नवरा गेल्यावर बांगड्या फुटतात, आणि ही बाई तर चितेवर गेली, म्हणून तिच्या बांगड्या दगडावर अखंड राहिल्या. बऱ्याच ठिकाणी हातात लिंबूही दाखवतात. जितके हात तितक्या बायका. गावात लोक याला आशीर्वादाचा हात म्हणतात आणि हळद-कुंकू वाहतात. मी त्यांना थांबवत नाही. पण मला त्या दगडापुढे उभं राहून आशीर्वाद आठवत नाही, ती बाई आठवते. तिला कुणी विचारलं होतं का, हे दगड सांगत नाही. पुण्याजवळ थेऊरला नदीकाठी रमाबाई पेशव्यांचं स्मारक आहे. १७७२ मध्ये थोरल्या माधवरावांमागे त्या सती गेल्या. त्यांचं नाव तरी राहिलं. गावोगावच्या या शिळांवर बहुधा नाव नसतं, फक्त हात असतो.

सतीशिळा पुष्कळदा वीरगळाच्या जोडीने किंवा त्याच दगडावर असते, म्हणून वीरगळाचं मूळ सांगतो. शब्द कन्नड: ‘कल्लु’ म्हणजे दगड, वीरगल्लु म्हणजे वीराचा दगड. वस्तूही दक्षिणेकडची. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात पुलिमान कोंबै इथं २००६ मध्ये इसवी सनापूर्वीच्या तमिळ-ब्राह्मी लिपीतल्या स्मारकशिळा सापडल्या. त्यांतल्या एकीवर गुरं पळवण्याच्या झटापटीचा उल्लेख आहे. आंध्रात नागार्जुनकोंडा इथं तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकू राजांच्या काळात सैनिकांसाठी ‘छायास्तंभ’ उभे केले. आपल्याकडचे वीरगळ मुख्यतः शिलाहार आणि यादव काळातले, पण चाल पुढेही राहिली. साताऱ्याकडे वाईजवळ किकलीला आणि बारामती तालुक्यात लोणी भापकरला ते एकत्र पाहायला मिळतात. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर जहाजांची लढाई कोरलेली आहे.

दगडाच्याही आधी लाकूड असावं, असं माझं मत झालंय. मेळघाटात कोरकू लोक मेलेल्या माणसासाठी लाकडी फळी उभी करतात, तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर घोडेस्वार आणि वर सूर्य-चंद्र. ती पावसात कुजते. वीरगळाची उभट फळीसारखी बांधणी आणि चौकटी पाहिल्या की लाकडात बसलेला हात दगडात गेला असेल, असं वाटत राहतं.

वीरगळ वाचायचा खालून वर. तळाच्या चौकटीत मरण: आडवा पडलेला माणूस, किंवा ढाल-तलवार घेऊन लढणारा, गायी असतील तर गुरं राखताना गेला. त्यावर अप्सरा त्याला हाताला धरून नेताना. सगळ्यांत वर तोच माणूस शिवलिंगापुढे बसून पूजा करताना, बहुधा समोर पुजारीही. माथ्याला कलश, आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र.

हा कलश देवळाच्या शिखराचा. वीर जिथं पोचला तो कैलास, आणि कैलास दाखवायचा तर पाथरवटाच्या ओळखीचं सर्वांत उंच घर म्हणजे देऊळ. म्हणून दगडाचा माथाच शिखर झाला. कॅम्पातला कलश राखेचा, हा शिखराचा. दिसायला जवळचे, मुळं हजारो मैल लांबची. सूर्य-चंद्र कुठून आले ते मात्र ताम्रपटांत लिहिलेलं सापडतं: ‘आचंद्रार्क’, चंद्र आणि सूर्य असेपर्यंत. दान तितके दिवस टिको, तशीच वीराची कीर्ती टिको. गधेगळावरही सूर्य-चंद्र असतात, पण तो स्मारकाचा दगड नाही. दान मोडणाऱ्याला घाणेरडी शिवी देणारा तो आज्ञेचा दगड. त्याला थडगं समजू नका.

कर्नाटकात वीरगळांवर लांबलचक लेख असतात, आपल्याकडे फार कमी. त्यामुळे आपल्या पाथरवटाला सगळं चित्रातच सांगावं लागलं. चौकटी जास्त म्हणजे वीर मोठा, असं सर्रास ऐकू येतं. ते धरून चालू नका. पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमी, दोन वर असतील तर रणात मेला, हेही तसंच. हा नियम कुठल्याही शिल्पकाराने पाळलेला नाही.

दोन परंपरा एकमेकींना भेटतात त्याचं एक ठिकाण पुण्याच्या वाटेवरच आहे. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याला इंग्रजांचा कॅप्टन स्ट्युअर्ट तोफगोळ्याने मेला. मराठ्यांनीच त्याच्या शौर्याला मान देऊन त्याला ‘इष्टुर फाकडा’ केलं, आणि वडगाव मावळला त्याच्या थडग्याला लोक नवस बोलू लागले. इंग्रजी माणूस, आणि मान मात्र वीराचा. उलटा प्रवास कोरेगाव भीमाच्या स्तंभात दिसतो. १८२१ मध्ये पाया घातलेला तो सुळका घाटाने इजिप्तचा, तिथल्या सूर्यपूजेतला, रोममार्गे इंग्लंडला गेलेला. आणि त्यावर नावं कोरली आहेत ती आपल्या मुलखातल्या महार आणि इतर शिपायांची. वीरगळावर चेहरा असतो आणि नाव नसतं; इथं नाव आहे आणि चेहरा नाही.

आता तुमच्या आजोळच्या दगडाचं. फोटोत त्यावर तेलाचा आणि शेंदराचा जाड थर दिसतो. तो खरवडू नका, ॲसिड तर लावूच नका. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून खडू, पीठ, हळद काहीही चोळू नका. सकाळी सात-साडेसातला ऊन आडवं असतं. तेव्हा एका बाजूने फोटो घ्या, किंवा अंधार पडल्यावर मोबाइलची बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून धरा. दुपारी सपाट दिसणाऱ्या दगडावर त्या तिरप्या उजेडात माणसं उठून उभी राहतात. एका गावात देवळाचा जीर्णोद्धार करताना तीन वीरगळ पायरीत उलटे घालून वर सिमेंट ओतलं, ते मी पोचण्याच्या आदल्या आठवड्यात. मी ठसे घेऊ शकलो असतो. आता ते कुणालाच दिसणार नाहीत. शंभर वर्षांहून जुना कोरीव दगड कायद्याने पुरावस्तू ठरतो, हे गावातल्या चार जाणत्यांना सांगून ठेवा. ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे, फक्त आधी सांगावं लागतं.

आणि एक. तुमच्या फोटोत हात दगडाच्या वरच्या भागात आहे आणि त्याखाली आडव्या पट्टीची कड दिसते, मग माती. म्हणजे दगड तिथं संपत नाही. खाली निदान एक चौकट गाडली गेली आहे. स्वतः उकरू नका. सरपंचांशी आणि पुजाऱ्यांशी बोला, मला कळवा, मी येईन. दोघा-तिघांनी हाताने माती बाजूला केली तर अर्ध्या तासाचं काम. खाली गायी निघाल्या तर तिचा नवरा गावची गुरं सोडवताना गेला, घोडा निघाला तर कुणाच्या तरी फौजेत गेला.